बघ्यांच्या गर्दीतील दोन हात



१६ डिसेंबर २०१२च्या रात्री दिल्लीत महिपालपूरजवळ महामार्गाच्या कडेला एक तरुणी आणि तिचा मित्र विवस्त्र, रक्तबंबाळ अवस्थेत पडले होते. त्या रात्रीची क्रूर कहाणी साऱ्या देशाला ठाऊक आहे. तिची उजळणी करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु त्या कहाणीतील एक पान फारसे वाचले गेलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ रोजी दिलेल्या निकालपत्रात ते साक्षीपुराव्याच्या कोरड्या भाषेत नोंदलेले आहे. रात्री दहाच्या सुमारास महामार्गावर मोटारसायकलवरून गस्त घालणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या कानांवर मदतीच्या हाका आल्या. तो थांबला. अंगातला शर्ट काढून त्याने त्या दोघांना दिला आणि आपल्या नियंत्रण कक्षाला कळवले. पाठोपाठ पोलिसांची गस्ती गाडी आली. तिच्यावरील हवालदाराने जमलेली गर्दी हटवली, जवळच्या हॉटेलातून पाण्याची बाटली आणि एक चादर आणली, ती चादर फाडून तिचे दोन भाग केले आणि दोघांना अंग झाकण्यासाठी एकेक दिला. मग त्यांना सफदरजंग रुग्णालयात नेण्यात आले.

हवालदाराला गर्दी हटवावी लागली, याचा अर्थ गर्दी होती. शर्ट मात्र एकाच माणसाने काढला.

एका शर्टाने आणि अर्ध्या चादरीने त्या मुलीचे प्राण वाचले नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. २९ डिसेंबरला तिने सिंगापूरच्या रुग्णालयात प्राण सोडला. तथापि मधल्या तेरा दिवसांत तिने मृत्युपूर्व जबान्या दिल्या. एक डॉक्टरांसमोर, एक उपविभागीय दंडाधिकाऱ्यांसमोर आणि शेवटची, बोलता येत नसताना, खुणांनी आणि लिहून, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. गुन्हेगारांना शिक्षा देताना न्यायालयाने ज्या पुराव्यांवर भिस्त ठेवली त्यांत या जबान्या प्रमुख होत्या. त्या थंडीच्या रात्री ती तेथेच, रस्त्याच्या कडेला संपली असती तर तिचा आवाज न्यायालयापर्यंत पोहोचलाच नसता. जखमीला दिलेली पाच-दहा मिनिटे कोठवर जाऊन पोहोचतात, याचा हिशेब देणाऱ्याला त्या क्षणी कधीच ठाऊक नसतो.

मराठी भाषेने रस्त्यावर थांबून नुसते पाहणाऱ्या माणसाला एक नाव ठेवले आहे. बघ्या. वृत्तपत्रांत 'नागरिकांनी बघ्याची भूमिका घेतली' हे वाक्य इतक्या वेळा छापून येते की त्याचे आता कोणाला काही वाटत नाही. ऑक्टोबर २०११मध्ये मुंबईत अंधेरीच्या आंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना अडवले म्हणून दोन तरुणांना भररस्त्यात भोसकण्यात आले, तेव्हाही हेच वाक्य छापून आले. एक त्याच रात्री गेला, दुसरा त्या महिन्याच्या अखेरीस. त्यानंतर जे अग्रलेख लिहिले गेले त्यांत समाजाच्या मुर्दाडपणावर ताशेरे होते. ते वाचून वाचकाला स्वतःची थोडी लाज वाटते आणि थोडे बरेही वाटते, कारण मुर्दाड असतो तो नेहमी दुसरा कोणीतरी! पण बघ्या खरोखर मुर्दाड असतो का? या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न जगात बराच झाला आहे, आणि त्याचा आरंभही एका रस्त्यावरील खुनातूनच झाला.

१३ मार्च १९६४. न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागातील क्यू गार्डन्स ही वस्ती. पहाटे तीन वाजून गेल्यावर कामावरून परतणाऱ्या किटी जेनोविस या २८ वर्षांच्या तरुणीवर एका माणसाने चाकूने वार केले. दोन आठवड्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली की, अडतीस प्रतिष्ठित नागरिक अर्धा तास हा खून पाहत राहिले आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही. ही बातमी जगभर गेली. महानगरी जीवनाने माणूस कसा दगड झाला आहे, याचे उदाहरण म्हणून ती पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली.

ती बातमी बऱ्याच अंशी चुकीची होती. अडतीस जणांनी खून पाहिला नव्हता. बहुतेकांनी केवळ किंचाळी ऐकली होती, आणि दुसरा हल्ला तर इमारतीच्या मागील बाजूच्या जिन्याखाली, बहुतेकांच्या दृष्टीआड झाला. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला एकदा पळवून लावले होते. पोलिसांसाठी एकच तातडीचा क्रमांकही तेव्हा अमेरिकेत नव्हता. तो १९६८ साली आला. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याच इमारतीत राहणारी सोफिया फॅरार ही स्त्री, हल्लेखोर गेला आहे की अजून तेथेच दबा धरून आहे याची काहीही खात्री नसताना, जिना उतरून धावत गेली आणि मरणोन्मुख किटीला कवटाळून बसून राहिली. अडतीस बघ्यांच्या बातमीत या एका स्त्रीला जागा मिळाली नाही. हल्लेखोर २०१६ साली तुरुंगात मरण पावला, तेव्हा कोठे त्या वृत्तपत्राने आपले मूळ वृत्तांकन सदोष असल्याचे मान्य केले.

त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या लाटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाला फेफरे आल्याचे भासवण्यात आले. ऐकणारा आपण एकटाच आहोत असे समजत होता, तेव्हा १०० पैकी ८५ जण मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटत होते, तेव्हा केवळ ३१. माणसे तीच, अंतःकरणेही तीच. पण जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी एवढी लहान होते की ती जाणवतच नाही. शिवाय प्रत्येक जण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहतो. कोणी हलत नाही, म्हणजे प्रकरण फारसे गंभीर नसावे, असा निष्कर्ष सगळेच एकमेकांकडे पाहून काढतात.

एवढ्यावर थांबले तर चित्र निराशेचे होईल. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दुसरी बाजू पुढे आणली. इंग्लंडमधील लँकेस्टर, नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन या शहरांतील रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपल्या गेलेल्या २१९ भांडणांची आणि हल्ल्यांची चित्रे संशोधकांनी तपासली. दहापैकी नऊ घटनांत पाहणाऱ्यांपैकी निदान एक तरी माणूस मध्ये पडलेला दिसला. कोणी हल्लेखोराला आवरत होता, कोणी मार खाणाऱ्याला बाजूला नेत होता, कोणी त्याला धीर देत होता. गर्दी जितकी मोठी, तितकी कोणीतरी पुढे होण्याची शक्यता अधिक. म्हणजे प्रयोगशाळेत एकटा माणूस श्रेष्ठ ठरला, तर रस्त्यावर गर्दी! या दोहोंत विरोध दिसतो, पण तो वरवरचा आहे. गर्दीतील प्रत्येक माणूस पुढे होत नाही हे खरे. पण गर्दीत पुढे होणारा कोणीतरी बहुधा असतो, हेही खरे. वस्तुतः समाजापुढचा प्रश्न सगळ्या बघ्यांचे वीरांत रूपांतर करण्याचा नाही. जो एक जण पुढे होणारच आहे त्याला पुढे झाल्यावर काय करावे हे ठाऊक असणे, एवढाच तो प्रश्न आहे.

लंडनच्या वूलिच भागात २२ मे २०१३ रोजी दिवसाढवळ्या ली रिग्बी या सैनिकाची रस्त्यावर हत्या झाली. ५३ क्रमांकाच्या बसमधून जाणाऱ्या एका महिलेला रस्त्यात पडलेला माणूस आणि आदळलेली मोटार दिसली. हा अपघात आहे असे समजून ती बसमधून उतरली आणि नाडी पाहण्यासाठी त्या माणसापाशी गेली. हातांत शस्त्र असलेल्या, रक्ताने माखलेल्या माणसाने तिला दूर राहण्यास सांगितले, तेव्हा तिला खरा प्रकार कळला. ती पळाली नाही. पोलीस येईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवत राहिली, कारण जवळपास शाळेतून घरी जाणारी मुले होती. तिच्या धैर्याचे पुढे पुष्कळ कौतुक झाले. पण ती बसमधून उतरली का, याचे उत्तर साधे होते. ती लहान मुलांच्या स्काउट पथकाची मार्गदर्शिका होती आणि त्यासाठी तिने प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते. बसमधील इतरांना जे दिसले तेच तिलाही दिसले; फरक एवढाच की, आपल्याला येथे काहीतरी करता येण्यासारखे आहे, हे तिला माहीत होते.

योगायोग असा की, सर्वसामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवण्याची परंपरा ज्या गावातून सुरू झाली ते हेच वूलिच. १८७८ साली तेथील लष्करी रुग्णालयातील सर्जन-मेजर पीटर शेफर्ड यांनी एका शाळेच्या सभागृहात नागरिकांचा पहिला वर्ग घेतला. डॉक्टर नसलेल्या माणसाला रक्तस्राव थांबवता आला पाहिजे, ही कल्पना तेव्हा नवी होती. जानेवारी १८७९मध्ये शेफर्ड दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानाच्या लढाईत मारले गेले. पण त्यांचा अभ्यासक्रम सेंट जॉन ॲम्ब्युलन्समार्फत जगभर गेला. आपल्या देशात आज कारखान्यांत आणि शाळांत जे प्रथमोपचाराचे वर्ग होतात, त्यांचे मूळ त्या सभागृहात आहे.

आता प्रत्यक्ष रस्त्यावर यावे. चाकू, कोयता, लाठी, दगड, आग किंवा आम्ल, हल्ल्याची साधने ठरलेली आहेत, आणि पहिल्या काही मिनिटांत करावयाच्या गोष्टीही ठरलेल्या आहेत. प्रथम स्वतःची सुरक्षितता. हल्लेखोर शस्त्र घेऊन तेथेच असेल तर एकट्याने अंगावर धावून जाणे हे शौर्य असेलही, परंतु त्यातून एका जखमीचे दोन जखमी होण्याचा धोका असतो. अंतरावरून मोठ्याने ओरडणे, आणखी माणसे जमवणे, ११२ क्रमांकावर पोलिसांना आणि १०८ वर रुग्णवाहिकेला बोलावणे, हे आधी. महाराष्ट्रात १०८ची सेवा २०१४ साली सुरू झाली. अजूनही कित्येकांना ऐनवेळी हा क्रमांक आठवत नाही. येथे लाटाने आणि डार्ली यांचा धडा उपयोगी पडतो. 'अरे, कोणीतरी फोन करा' असे गर्दीला उद्देशून म्हटले तर कोणीच करीत नाही. एका माणसाकडे बोट दाखवून, 'निळा शर्ट, तुम्ही १०८ला फोन लावा आणि काय म्हणाले ते मला सांगा' असे म्हटले की तो माणूस गर्दीतून बाहेर येतो. बघ्याचा कार्यकर्ता होण्यास कित्येकदा एवढेच पुरते.

वाहत्या रक्ताला उशीर चालत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीची किंवा दंडाची मोठी रोहिणी कापली गेली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. तेवढ्या वेळात शहरातीलही रुग्णवाहिका पोहोचेल याची शाश्वती नसते. अशा वेळी रुमाल, ओढणी, उपरणे, जे स्वच्छ कापड हाताशी असेल त्याची घडी जखमेवर ठेवून दोन्ही तळव्यांनी, कोपर ताठ करून, अंगाचा भार देऊन दाबायचे आणि दाबत राहायचे. जखम खोल असेल तर कापड आत भरून वरून दाबायचे. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड उचलण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो टाळायचा, कारण धरू लागलेली गुठळी तेवढ्याने निघते. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवायचे. हाता-पायाचा रक्तस्राव दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या चार-पाच बोटे वर, सांध्यावर न येईल अशा बेताने, रुंद पट्टी बांधून तिच्यात काठी किंवा पेन अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळायची आणि वेळ लक्षात ठेवायची. तार किंवा सुतळी यासाठी वापरू नये. ही आवळपट्टी मग रुग्णालयातच सुटायला हवी.

अंगात रुतलेला चाकू उपसून काढणे ही चित्रपटांनी शिकवलेली घातक सवय. तो चाकूच पुष्कळदा फुटलेल्या रक्तवाहिनीला बूच लावून बसलेला असतो. तो तसाच ठेवून, दोन्ही बाजूंनी कापडाच्या गुंडाळ्या लावून हलणार नाही असा करायचा. पोटातून आतडे बाहेर आले असेल तर ते आत ढकलायचे नाही; स्वच्छ ओल्या कापडाने झाकायचे. छातीवरील भोसकल्याची जखम हवाबंद करायची नाही. आणि आपल्याकडे जखमीला पाहताच पहिला उद्गार निघतो तो 'पाणी द्या'! हेतू चांगला असतो, परंतु अर्धवट शुद्धीतील माणसाच्या घशातून ते पाणी श्वासनलिकेत जाते, आणि शस्त्रक्रियेची वेळ आली तर भरलेले पोट भूल देणाऱ्या डॉक्टरांची अडचण वाढवते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याविषयी तर काही न बोललेलेच बरे. शुद्ध हरपलेला पण श्वास घेणारा माणूस कुशीवर वळवून ठेवावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावेत. डोक्यात लाठी बसलेला माणूस उठून 'मला काही झाले नाही' म्हणत चालू लागतो. त्याला एकटे सोडू नये. आतील रक्तस्राव काही तासांनी डोके वर काढतो.

३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आले, तेव्हा लोक पुढे झाले, आग विझवली आणि तिला रुग्णालयात पोहोचवले. सात दिवसांनी ती गेली. भाजलेल्या किंवा आम्ल पडलेल्या अंगावर वाहते पाणी निदान वीस मिनिटे, आम्लाच्या बाबतीत त्याहूनही अधिक वेळ, ओतत राहणे आणि आम्लाने भिजलेले कपडे दूर करणे, हाच उपचार. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काहीही नाही. एखाद्या स्त्रीवर असा प्रसंग ओढवला असेल तर अंगावर घालायला ओढणी-चादर आणि भोवती पाठ करून उभे राहिलेल्या चार स्त्रिया हाही प्रथमोपचारच असतो. हातातला मोबाइल तेव्हा १०८साठी आहे, चित्रीकरणासाठी नव्हे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे हा तर गुन्हा आहे.

पुण्यात सदाशिव पेठेत २७ जून २०२३ रोजी एका तरुणीमागे कोयता घेऊन धावणाऱ्या माणसाचा हात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका तरुणाने धरला. दुसरेही धावले आणि ती मुलगी वाचली. या घटनेचा अभिमान प्रत्येकाला वाटला. मात्र अशा प्रसंगांचे एक नेहमीचे दृश्य असते. हल्लेखोर सापडला की त्याला चोप देण्यासाठी पंचवीस हात पुढे येतात, आणि जखमीच्या दंडावर ओढणी दाबून धरायला दोन हात मिळणे कठीण होते. संताप समजण्यासारखा आहे. परंतु त्या पंचवीस हातांतील दोन कमी झाल्याने हल्लेखोराचे काही चुकत नाही.

राहिली पोलीस आणि कचेरी यांची धास्ती. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण मध्यमवर्गीय घरांत मुलांना बाळकडूसारखी पाजली जाते. येथे वस्तुस्थिती नीट सांगितली पाहिजे, कारण अर्धवट आश्वासनाने फसगत होते. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ठरले, आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. पण हे संरक्षण वाहन अपघातांपुरते आहे. हल्ला हा फौजदारी गुन्हा. तेथे मदत करणारा प्रत्यक्षदर्शी असेल तर त्याला साक्षीसाठी बोलावणे येऊ शकते. तथापि उपचार करताना चूक झाली तर काय, या भीतीला कायद्यात जुने उत्तर आहे. संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या हितासाठी सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा ठरत नाही, हे तत्त्व भारतीय दंडविधानाच्या कलम ९२ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. रुग्णालयाविषयी १९८९च्या परमानंद कटारा निकालाने स्पष्ट केले आहे की, आधी उपचार, मग पोलिसांचे कागद. डॉक्टर सरकारी असो वा खासगी. आम्लहल्ला आणि बलात्कार यांतील पीडितांना तर प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार द्यायचे आहेत. नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. दारातून परत पाठवणाऱ्याला ही तरतूद शांतपणे ऐकवण्याचा परिणाम आरडाओरड्यापेक्षा अधिक होतो.

पोलिसांच्या दृष्टीने मदत करणाऱ्याने दोन पथ्ये पाळावीत. पडलेल्या शस्त्राला हात लावू नये, आणि जखमीचे कपडे कापावे लागले तर वाराच्या छिद्रातून न कापता बाजूने कापावेत, कारण ते छिद्र पुढे न्यायालयात बोलते. स्वतःसाठीही एक पथ्य आहे. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातांत घालावी; तरीही रक्त आपल्या जखमेत किंवा डोळ्यांत गेले असेल तर हात-तोंड धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण एचआयव्हीपासून बचावाची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात.

किटी जेनोविसच्या धाकट्या भावाने चाळीस वर्षांनंतर त्या रात्रीचा मागोवा घेतला. २०१५ साली त्यावर अनुबोधपटही निघाला. त्या शोधात तो सोफिया फॅरारला भेटला. आपली बहीण एका मैत्रिणीच्या मिठीत गेली हे तेव्हाच कळले असते तर घरच्यांच्या दुःखाला केवढा फरक पडला असता, असे तो म्हणाला. तोवर त्या कुटुंबाला अडतीस माणसांची गोष्ट तेवढी माहीत होती.